स्प्रिंगचा पिंजरा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. गाडीच्या पुढच्या शॉकअपची, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीची आणि तिच्याभोवतीच्या स्प्रिंगची, कामं आठवड्याला दोन-तीन असतातच, आणि पावसाळ्यात रस्ते उखडले की रोज एक. शॉकअप गळतो, त्याला वर गाडीशी जोडणाऱ्या माउंटचं रबर फाटतं, बेअरिंग करकरतं. यातलं काहीही बदलायचं म्हटलं की आधी स्प्रिंग दाबून काढावी लागते. २०१५ पासून हे काम मी स्वतः केलेल्या पिंजऱ्यात करतो. आजूबाजूचे मेकॅनिक येऊन बघतात, मोबाईलवर फोटो काढून नेतात. पण फोटोत प्लेटा आणि बोल्ट दिसतात, ते तिथेच का बसवलेत हे दिसत नाही. म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी तो का करावा लागला ते सांगतो.

२०१४ च्या पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे आकड्यांची जोडी होती. लांब आट्यांचा रॉड, त्याला वर आणि खाली आकडे. असे दोन रॉड स्प्रिंगच्या समोरासमोर अडकवायचे आणि आलटून पालटून नट आवळत स्प्रिंग दाबायची. बहुतेक गॅरेजमध्ये याच पद्धतीचं हत्यार असतं. माझी जोडी मीच केलेली होती. रॉड हार्डवेअरच्या दुकानातला साधा १२ मिलिमीटरचा, आकडे सळी वाकवून केलेले, वेल्डिंगही माझंच. दीड वर्ष ती चालली, म्हणून ती चांगली आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी एका शिक्षकांची मारुती आली होती. माझ्याकडे तेव्हा आयटीआय करून नुकताच लागलेला एकोणीस वर्षांचा पोरगा होता, त्याला सगळे बारक्या म्हणत. शॉकअप व्हाइसमध्ये धरलेला, बारक्यानं डाव्या हातानं वरचा माउंट धरलेला, आणि मी नट आवळत होतो. स्प्रिंग एका अंगाला केळ्यासारखी वाकायला लागली होती. ते मला दिसत होतं. आणखी दोन फेरे दिले की माउंट सैल होईल, असा विचार करून मी पाना फिरवला. माझ्या बाजूचा आकडा स्प्रिंगच्या फेऱ्यावरून घसरला आणि पत्र्यावर घण घातल्यासारखा आवाज झाला. स्प्रिंग बारक्याच्या हातावर बसून पुढे भिंतीवर आदळली. गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा खाली आला. बारक्या ओरडला नाही. तो खाली बसला आणि आपल्या हाताकडं बघत राहिला. मनगटाच्या वर चार बोटांवर हात वाकडा झाला होता.

हाड मोडलं होतं. प्लेट घालावी लागली. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजकडच्या गावाहून त्याची आई आली. मला वाटलं होतं, बाई मला शिव्या देईल, आणि त्या ऐकून घ्यायची माझी तयारी होती. तिनं एवढंच विचारलं, "मालक, हात सरळ व्हईल न्हवं?" पोराचा उजवा हात शाबूत होता, पण आमच्या धंद्यात एका हातानं काही होत नाही, हे तिलाही कळत होतं.

त्याच संध्याकाळी आकड्यांची ती जोडी मी ग्राइंडरनं कापून टाकली. आख्खी भंगारात टाकली असती तर कुणीतरी उचलून वापरली असती.

माझी भाची तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती घरी आली तेव्हा मी तिला म्हटलं, "बाळा, ही स्प्रिंग नेमका किती जोर धरते ते मला कळलं पाहिजे." ती म्हणाली, "मामा, अंदाज नको, मोजूया. मी मांडतो गणित." आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात. मग तीच स्प्रिंग उभी ठेवून, तिच्यावर लाकडी फळी आणि फळीवर शेजारच्या दुकानातून आणलेली लोखंडी वजनं ठेवली. ४० किलोला स्प्रिंग २० मिलिमीटर खाली गेली. म्हणजे दर मिलिमीटरला २ किलो. काढताना ती मोकळ्या उंचीपेक्षा साधारण १५० मिलिमीटर दाबलेली असते. म्हणजे ३०० किलोचा जोर झाला. त्यात साठलेली ताकद तिनं मांडली: सव्वादोनशे ज्यूलच्या आसपास. मला ज्यूल कळत नाहीत, तसं मी म्हटलं. तेव्हा तिनं सांगितलं, दहा किलोचं वजन सव्वादोन मीटरवरून डोक्यात पडावं तेवढी. किंवा असं बघा, दोन किलोची स्प्रिंग ती सगळी ताकद घेऊन सुटली तर तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे जातो. बारक्याच्या हाताचं हाड का मोडलं ते मला त्या वहीच्या पानावर पहिल्यांदा कळलं.

पण खरी शिकवण पुढच्या पानावर होती. मी म्हटलं, मग रॉड जाड घालू, १२ च्या जागी १६. ती म्हणाली, रॉड ताणानं तुटतच नाही मामा. ३०० किलो दोन रॉडवर वाटले तर एकेकावर १५०. १२ मिलिमीटरच्या रॉडला सरळ ओढलं तर त्याच्या आट्यांवर दर चौरस मिलिमीटरला जेमतेम १८ न्यूटन येतात, आणि साधं लोखंड २४० पर्यंत टिकतं. म्हणजे तेरापट जागा आहे. घात आकड्यात आहे. रॉड स्प्रिंगच्या बाहेर उभा असतो आणि आकडा आत वळून तार धरतो. भार आणि रॉड यांच्यात २५ मिलिमीटरचं अंतर पडलं की रॉड ओढला जाण्याऐवजी वाकवला जातो. त्या वाकण्याचा ताण तिनं काढला तर साडेतीनशेच्या वर गेला. साध्या लोखंडाला तो झेपतच नाही. रॉड किंचित वाकतो, आकडा उघडतो, आणि स्प्रिंगचा फेरा चढता असल्यामुळं आकडा उताराकडं सरकायला लागतो. ग्रीसचा हात लागलेला असेल तर बघायलाच नको.

तेव्हा ठरलं की जोर सरळ रेषेत, स्प्रिंगच्या मधून गेला पाहिजे. दुसरं, तारेला आकड्यानं धरायचंच नाही, तिला बसायला खाच द्यायची. आणि तिसरं माझं स्वतःचं होतं, भाचीच्या वहीत नव्हतं: यातलं काहीही मोडलं तरी स्प्रिंग बाहेर येता कामा नये. आपण दमलेले असू, घाईत असू, पोरगा नवीन असेल. हे सगळं हत्यारानं सांभाळून घेतलं पाहिजे.

आता बांधणी. भंगार बाजारातून १०० बाय ५० मिलिमीटरचे लोखंडी चॅनल किलोवर घेतले. चार फूट उंचीचे दोन खांब, खाली जाड बैठक, आणि बैठक जमिनीत बोल्टनं घट्ट. कमरेच्या खाली एक फळी खांबांना पक्की बोल्ट केलेली. ती १६ मिलिमीटरची प्लेट, पुढून यू आकाराची कापलेली. शॉकअपची नळी त्या यूमधून आत सरकते आणि स्प्रिंगची खालची बशी प्लेटवर बसते. नळीचा बाकीचा भाग खाली मोकळा लोंबतो. तिच्या वर दुसरी तशीच यू प्लेट, पण ही खांबांच्या मधून वर-खाली सरकणारी. ती स्प्रिंगच्या वरच्या दोन फेऱ्यांच्या फटीतून आत जाते आणि दुसऱ्या फेऱ्यावर बसते. दोन्ही प्लेटांमधून डावी-उजवीकडे दोन २० मिलिमीटरचे रॉड जातात, ८.८ ग्रेडचे, आणि ते स्प्रिंगच्या बरोबर मध्यरेषेवर. वरच्या प्लेटच्या वर नट, नटाखाली उभा भार झेलणारं थ्रस्ट बेअरिंग. नट आवळला की वरची प्लेट खाली येते, स्प्रिंग दबते. खांब तिला तिरकं होऊ देत नाहीत.

रॉड एवढा जाड कशाला, असं विचारणारे भेटतात. ताणासाठी तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे खरं. पण जाड रॉड वाकत नाही, त्याचे आटे झिजायला वर्षं लागतात, आणि नट ३० च्या पान्याचा लागतो, त्यामुळं लांब दांड्यावर सावकाश जोर देता येतो. एका फेऱ्याला अडीच मिलिमीटर. १५० मिलिमीटर म्हणजे दोन्हीकडं साठ-साठ फेरे. वेळ जातो, जाऊ दे. इथं झटके देत नट आवळणारी इम्पॅक्ट गन लावायची नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे. गन लावली की आटे तापतात, एकमेकांना चिकटतात, आणि कुठल्या बाजूला किती जोर गेला ते हाताला कळत नाही. प्रत्येक खांबावर मी मापाची स्टीलची पट्टी बसवलीय. दोन्ही बाजूंच्या मापांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की थांबायचं आणि मागे राहिलेली बाजू आधी आणायची.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो टेकूंवर. स्प्रिंगचा फेरा सपाट नसतो, जिन्यासारखा चढत जातो. आमच्या त्या स्प्रिंगचा एक फेरा ४० मिलिमीटर चढत होता. सपाट प्लेट तिच्यावर ठेवली तर एकाच जागी टेकणार, आणि जोर एकाच बाजूला जाऊन स्प्रिंग पुन्हा केळं होणार. पहिल्या पिंजऱ्यात नेमकं हेच झालं. मी चार फेरे दिले, वाकण दिसलं, लगेच उलटं सोडलं आणि पुन्हा विचाराला बसलो. मग वरच्या प्लेटला तीन टेकू दिले: डावीकडं, मागं आणि उजवीकडं. प्रत्येक टेकू १६ मिलिमीटरच्या बोल्टाचा, खाली-वर फिरवून उंची जमवता येईल असा. पाव फेऱ्याला १० मिलिमीटर चढ, म्हणून मागच्या टेकूच्या मानानं एका बाजूचा १० वर आणि दुसऱ्या बाजूचा १० खाली. टेकूच्या तोंडाला गल्लीतल्या टर्नरकडून अर्धगोल खाच पाडून घेतली, तार तिच्यात बसते आणि बाजूला सरकू शकत नाही. खाचेत जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा पातळ तुकडा चिकटवलाय. स्प्रिंगच्या रंगाला ओरखडा गेला की तिथं गंज धरतो, आणि दोन पावसाळ्यांनी स्प्रिंग तिथूनच मोडते. हे मी मोडून आलेल्या स्प्रिंगांवर बघितलेलं आहे.

यूचं तोंड पुढून उघडं राहतं. स्प्रिंग आत गेली की त्या तोंडाला आडवी कडी आणि कडीला पिन. कडी लावल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. त्याच्या बाहेर १० मिलिमीटर सळ्यांचं दार, सळ्यांमध्ये ४० मिलिमीटरची फट. याच्यामुळंच सगळे त्याला पिंजरा म्हणतात. आणि डोक्यावर १२ मिलिमीटरची टोपी, म्हणजे वरून बोल्ट केलेली प्लेट, तिला मधोमध फक्त पान्याची गोटी (सॉकेट) जाईल एवढं भोक. माउंटचा मधला नट त्या भोकातून सोडायचा. स्प्रिंग पुरती दबली आहे असं वाटलं आणि ती नसली, तर माउंट उडून टोपीला लागेल, तोंडाला नाही.

वेल्डिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. या सगळ्यात जिथं ३०० किलोचा जोर येतो तिथं वेल्डिंग नाही. जोर प्लेट, नट आणि रॉड यांच्यातूनच जातो. वेल्डिंग फक्त दाराला आणि बैठकीला. ८.८ चा रॉड पाणी देऊन कडक केलेला असतो, त्याला टाका मारला तर तेवढ्या जागी त्याची ताकद जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. रॉडला नट वेल्ड करून टाकला की काम सोपं होतं, असं मला दोघांनी सुचवलं. कृपा करून करू नका. तसंच भंगारातल्या गाडीच्या पाट्याचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, आकडे करू नका. पाटा तापवून वाकवला की तो एक तर मऊ पडतो नाही तर काचेसारखा ठिसूळ होतो.

सगळं जोडून झाल्यावर लगेच स्प्रिंग घातली नाही. शेजारच्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेस आहे, तिथं दोन्ही प्लेटा, रॉड आणि नट असा सांगाडा नेला. जोर स्प्रिंग देते त्याच दिशेनं, म्हणजे प्लेटा एकमेकींपासून दूर ढकलून द्यायचा होता. तसा एक टन दिला, कामाच्या जोराच्या तिपटीहून जास्त. अर्धा तास तसाच ठेवला. वाकणं मोजणारी डायल लावली होती. जोर काढल्यावर काटा शून्यावर परत आला. काटा परत आला नसता तर कुठंतरी काहीतरी कायमचं वाकलं असं समजून सगळं पुन्हा केलं असतं. सगळं मिळून साडेसात हजार रुपये लागले, त्यातले निम्मे लेथ आणि ड्रिलिंगचे.

वापरायच्या रीतीबद्दल थोडं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंच्या स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर नाही. वर बॉनेटखाली माउंटचे कडेचे नट सोडायचे, मधल्या नटाला हात लावायचा नाही. तो मधला नटच स्प्रिंगला धरून असतो. गाडीवर किंवा व्हाइसमध्ये तो सोडला की स्प्रिंगला अडवणारं काहीच उरत नाही. शॉकअप पिंजऱ्यात घातल्यावर स्प्रिंगचं टोक बशीत कुठं टेकतं तिथं आणि माउंटवर खडूनं रेघ मारायची, म्हणजे परत बसवताना शोधत बसावं लागत नाही. मग कडी, पिन, दार. दाबत गेलं की एक क्षण असा येतो की वरचा माउंट हातानं हलतो, दाराच्या फटीतून बोटानं ढकलला तरी फिरतो. तो फिरल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही. सोडताना बाजूला उभं राहायचं, वर वाकायचं नाही. माउंट निघाला की लगेच प्लेट मागं घेऊन स्प्रिंग मोकळी करायची. दाबलेली स्प्रिंग पिंजऱ्यात ठेवून जेवायला जायचं नाही. कोणीतरी येऊन काय आहे म्हणून पिन ओढेल.

माझे वस्ताद अॅम्बेसेडरच्या काळातले. तिला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, मागं पाटे. ही कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली रचना आमच्याकडं सर्रास आली ती १९८३ नंतर, मारुतीबरोबर. तिचं मूळ मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरकडं जातं, म्हणून कागदोपत्री तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, छोट्या गाडीला फार सोयीची. पण वस्तादांच्या हाताला ती कधी शिकवली गेली नव्हती. त्यांनी बघून बघून केली आणि आम्हाला तशीच शिकवली. दोरीनं बांधून, साखळी गुंडाळून स्प्रिंग काढणारी माणसं मी बघितली आहेत. ती बेफिकीर नव्हती. त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. म्हणून मला वाटतं की हे मेकॅनिकनं मेकॅनिकला सांगितलं पाहिजे, आणि मापासकट सांगितलं पाहिजे.

हा पिंजरा फक्त गाडीतून उतरवून बाहेर आणलेल्या शॉकअपसाठी आहे. ज्या जीप किंवा पिकअपला कॉइल स्प्रिंग चाकाच्या खालच्या आर्ममध्ये बसलेली असते, तिथं ती गाडीत असतानाच दाबावी लागते, तिथं हा चालत नाही आणि मी ते काम घेतही नाही. ज्याच्याकडं ड्रिल मशिन, गुणिया आणि ओळखीचा टर्नर नाही, त्यानं घरच्या घरी हे करायला जाऊ नये. शॉकअप उतरवून नीट सोय असलेल्या गॅरेजात न्यावा. काढायचे पैसे फार होत नाहीत.

बारक्याचा हात सरळ झाला. तीन महिन्यांनी तो परत आला. पिंजरा करताना ड्रिलिंगला खूण करायला तोच माझ्याबरोबर होता. पहिली स्प्रिंग आम्ही त्यात घातली तेव्हा कडीला पिन त्यानं लावली, ओढून बघितली, काढली, पुन्हा लावली. मग मला म्हणाला, "आता फिरवा मामा." त्या दिवसापर्यंत तो मला मालक म्हणायचा.

तीन वर्षं झाली, त्यानं गावाकडं स्वतःचं गॅरेज टाकलंय. आता त्याच्या हाताखाली एक पोरगा आहे. गेल्या महिन्यात फोन आला, मलाही एक पिंजरा पाहिजे. प्लेटा कापून झाल्यात, रॉड आणलेत, भोकं पाडून झालीत. टेकू तेवढे राहिलेत. त्याच्याकडं जास्त कुठल्या गाड्या येतात ते विचारून घ्यायचंय, मग त्या मापाच्या खाचा पाडून घेऊ. रविवारी येतोय तो, दोन-तीन जुन्या स्प्रिंगा घेऊन.